थिबा राजा रत्नागिरीतच का? १८८६ सालाची पार्श्वभूमी

१६ एप्रिल १८८६ रोजी 'क्लाइव्ह' नावाची सरकारी आगबोट रत्नागिरीला लागली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा, राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण आणि राजाची दुसरी राणी सुपयागले, दोन लहान मुली आणि मद्रासेत जन्मलेली तिसरी तान्ही, एवढा परिवार तिच्यातून उतरला. सोबत ब्रह्मी नोकरचाकर होते. राजाचं वय अवघं सत्तावीस. थिबा पॅलेस पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, मंडालेच्या राजाला आणून ठेवायला सरकारला रत्नागिरीच कशी सापडली? राजाच्या चरित्रात याचं अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं गावाच्या आधीच्या साठ-सत्तर वर्षांत आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं. सुरुवातीला जिल्ह्याचं ठाणं बाणकोटला होतं. ते अगदी उत्तरेच्या टोकाला पडत होतं, म्हणून १८२२ मध्ये कचेरी मधोमध, रत्नागिरीला आणली. किल्ला, मांडवी, राजिवडा, मिऱ्या अशा वस्त्यांचं हे बंदर तिथून पुढे कचेरीचं गाव झालं. कलेक्टर आला, त्यामागे न्यायाधीश, तुरुंग, सरकारी शाळा आणि डोंगरावर गोऱ्या अंमलदारांचे बंगले आले. याच गावात शिक्षक असलेल्या गंगाधरपंत टिळकांच्या घरी १८५६ मध्ये बाळ जन्मला. १८६६ मध्ये टिळक कुटुंब पुण्याला गेलं. १८७१ पासून गावात 'सत्यशोधक' हे साप्ताहिक निघू लागलं आणि पुढे नगरपालिकाही आली. म्हणजे १८८६ ची रत्नागिरी काही आडगाव नव्हती. दस्तऐवज, खटले, पेन्शनी आणि वर्तमानपत्र यांत रुळलेलं ते गाव होतं.

पण गावाला पाठीमागून वाट नव्हती म्हटलं तरी चालेल. पूर्वेला सह्याद्री, मधे खाड्या. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, आणि रत्नागिरीला गाडी दिसायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. जाणं-येणं सगळं समुद्रावरून. मुंबईची आगबोट बाहेर नांगर टाकी, उतारू आणि सामान पडावातून किनाऱ्याला येई. दक्षिणेचा वारा असला की मिऱ्याच्या बाजूचा आसरा. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद, त्या नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू सुरू. याच बोटींनी जिल्ह्यातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेली. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईत राहणारे, पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक सव्वा लाखाच्या आसपास भरले. पोटासाठी बाहेर जाणाऱ्यांना समुद्र मोकळा होता. पहाऱ्यातल्या माणसाला मात्र त्याच समुद्राने अडवलं, कारण बोटीत कोण चढतं आणि कोण उतरतं हे मांडवीवर उभ्या असलेल्या दोन शिपायांनाही कळत होतं. सरकारला याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

राजाला पदच्युत करायचं निमित्तही आपल्या किनाऱ्यापासून फार लांबचं नाही. मुंबईत १८६३ मध्ये उभी राहिलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातलं सागवान काढत असे. ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवल्याचा ठपका ठेवून १८८५ मध्ये मंडाले दरबाराने तिला सुमारे तेवीस लाख रुपये दंड केला. फ्रेंचांशी दरबाराची वाढती जवळीक इंग्रजांना आधीच सलत होती. नोव्हेंबरात लढाई सुरू झाली आणि दोनएक आठवड्यांतच संपली. राजाला बोटीवर चढवून आधी रंगून, मग मद्रास. १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. तिकडे लोक शस्त्रं घेऊन लढत होते आणि पुढेही काही वर्षं लढत राहिले. राजा त्यांच्या नजरेपासून जितका दूर, तितकं सरकारला बरं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दिल्लीच्या बहादूरशहाला याच हिशेबाने रंगूनला धाडलं होतं. आता तोच हिशेब उलट्या दिशेने मांडला गेला.

त्या पहिल्या वर्षाचा विचार करताना मला राजकारणापेक्षा पाऊस जास्त महत्त्वाचा वाटतो. मंडाले ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात आहे. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढा रत्नागिरीत एकट्या जुलैत कोसळतो. ही मंडळी एप्रिलच्या घामट उन्हात उतरली आणि दीड-दोन महिन्यांत मृग लागला. बोटी थांबल्या. पहाऱ्यावर सरकारने नेमलेला पोलीस अधिकारी, डोंगरावरचे भाड्याचे बंगले, गावाबाहेर जायला बंदी. खाली गावाला या चार महिन्यांची सवय होती. पावसाआधीच घरोघरी लाकडं, तांदूळ, सुकी मासळी भरून ठेवलेली असायची. वर बंगल्यात राहणाऱ्यांना ही सवय लावून घ्यावी लागली.

१६ फेब्रुवारी १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव हिंदुस्थानभर साजरा करवला गेला. जिल्ह्याचं ठाणं त्यातून सुटण्याचं कारण नव्हतं. ज्या राणीच्या नावाने राज्य गेलं, तिच्या जयजयकाराचा दिवस कैदेतला राजा आणि ते गाव यांच्या वाट्याला एकत्रच आला. एप्रिलमध्ये, वर्ष भरता भरता, चौथी मुलगी झाली. तिचं जन्मगाव रत्नागिरीच.

हा मुक्काम तात्पुरता ठरेल असं राजाला बरीच वर्षं वाटत असावं. सुटकेसाठी आणि वाढीव तनख्यासाठी त्याचे अर्ज जातच राहिले. तनखा पुरेना तेव्हा मंडालेहून आणलेली माणकं आणि दागिने गावातल्या सावकार-व्यापाऱ्यांकडे जाऊ लागले. राजाच्या नावाच्या फलकावर या व्यवहाराला जागा मिळत नाही, पण राजा आणि गाव यांचं रोजचं नातं इथेच होतं. दूध, धान्य, गाडीवान, माळी, गहाणखत. थोरल्या राजकन्येचं नातं तर वाड्याच्या नोकरीतल्याच एका स्थानिक माणसाशी जुळलं. पुढे ब्रह्मदेशात जाऊनही ती रत्नागिरीला परतली आणि अखेरपर्यंत इथेच राहिली.

जांभ्या दगडाचा, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, म्हणजे येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. त्याच सुमारास रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या जुन्या राजवाड्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. राजाला नवा वाडा सहाच वर्षं लाभला. सुपयागले १९१२ मध्ये गेली, थिबा डिसेंबर १९१६ मध्ये. सुपयालत आणि मुलींना १९१९ मध्ये परत जाऊ दिलं. राजाचा देह मात्र ब्रह्मदेशात नेऊ दिला नाही. त्याची आणि सुपयागलेची समाधी आज रत्नागिरीच्या शिवाजीनगर भागात आहे.