डिस्क ‘100 टक्के व्यस्त’: या आकड्यामागचा इतिहास

सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांत गाळप हंगाम सुरू झाला की वजनकाटा रात्रंदिवस चालतो. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मग पावती. डेटाबेसच्या लॉगमधली (प्रत्येक बदल आधी टिपणाऱ्या वहीतली) नोंद डिस्कवर उतरल्याशिवाय ती पावती पक्की होत नाही. पंधरवड्याची ऊसबिलं काढताना त्याच पावत्या पुन्हा डिस्कवरून वाचल्या जातात. अशा वेळी काटा अडखळला की सर्व्हर सांभाळणारे आधी पाहतात ते डिस्क किती टक्के व्यस्त आहे, म्हणजे किती टक्के वेळ तिच्याकडे निदान एक तरी काम होतं. हा आकडा एके काळी खरा होता. आता तो का फसवतो, हे कळायला डिस्क मुळापासून बघावी लागते.

1956 साली आयबीएमने रॅमॅकसोबत पहिली व्यावसायिक डिस्क आणली. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, 50 लाख अक्षरं, आणि एखाद्या नोंदीपाशी पोचायला साधारण 0.6 सेकंद. पुढे तबकड्या लहान झाल्या, वेग वाढला, पण वाचणारं-लिहिणारं हेड सरकणार आणि तबकडी फिरणार हे बदललं नाही. मिनिटाला 7200 फेऱ्या म्हणजे एका फेरीला 8.33 मिलिसेकंद, हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे. हेड सरकायचे आठ-नऊ मिलिसेकंद धरले की इथे-तिथे विखुरलेल्या विनंत्या सेकंदाला 75-80 च भागतात. 15000 फेऱ्यांच्या डिस्कचीही मजल दोनशेच्या आसपास. अशा एकट्या डिस्कला 100 टक्के व्यस्त म्हटलं, तर तिचा दम खरोखर संपलेला असे.

याच हिशेबातून एक जुनी परीक्षा निघाली, आणि ती आजही करून पाहावी. 7200 च्या एकट्या डिस्कवर एकाच जोडणीतून, एकामागून एक, सेकंदाला 120 हून फार जास्त व्यवहार पक्के होत असतील तर डिस्क खोटं बोलते आहे: नोंद अजून तिच्या कॅशमध्येच, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीतच आहे. तेवढ्यात वीज गेली तर पावती गेली.

1988 मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची मांडणी केली. अनेक स्वस्त डिस्क मिळून एक. पण रेड 5 मध्ये एका लहान लेखनामागे चार कामं पडतात: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशेब) वाच, मग दोन्ही नवे लिही. काट्याच्या पावत्या म्हणजे असलीच बारीक लेखनं. लॉगला, पॅरिटीऐवजी डेटाच्या दोन प्रती ठेवणारं रेड 10 च बरं. ‘व्यस्त टक्के’ बिघडला तोही इथेच. एका नावामागे आठ डिस्क असल्या, तरी त्यांतली एक जरी कामात असली की अख्खा संच व्यस्त धरला जातो. 2011 च्या एनव्हीएमई या, तबकडी नसलेल्या चिपच्या डिस्कसाठीच्या मानकाने तर विनंत्यांच्या हजारो रांगांची सोय केली, म्हणजे 100 टक्के व्यस्त दिसत असतानाही डिस्क आणखी काम घेऊ शकते. जुन्या साटा जोडणीच्या डिस्कला एकच रांग, 32 विनंत्यांची.

मोजण्याची साधनं मागून आली. विंडोज एनटी 4 वर डिस्कचे काउंटर मुळात बंदच असत. ‘डिस्कपर्फ’ ही आज्ञा चालवून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागे. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये 2005 च्या आवृत्तीपासून प्रत्येक फाइलच्या वाचनाचा आणि लेखनाचा थांबा वेगवेगळा, एका क्वेरीत मिळू लागला. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये वाचन-लेखनाचा वेळ 2012 च्या 9.2 पासून मोजता येतो, पण ‘ट्रॅक आयओ टायमिंग’ मुद्दाम चालू करावं लागतं. लिनक्सच्या आयओस्टॅट या डिस्क मोजणाऱ्या आज्ञेतला ‘एसव्हीसीटीएम’ हा (एका विनंतीवर डिस्कने घालवलेल्या वेळाचा) रकाना बिनभरवशाचा म्हणून शेवटी काढूनच टाकला.

म्हणून आज त्याच आयओस्टॅटमध्ये पाहायचा तो ‘अवेट’ हा रकाना: एका विनंतीला लागलेला एकूण वेळ, रांगेतल्या थांब्यासकट. ‘आयओस्टॅट -डीएक्स 5’ (iostat -dx 5) चालवा आणि पहिला अहवाल सोडून द्या. ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. वाचन आणि लेखन वेगळं बघा. सेकंदाला 600 विनंत्या आणि अवेट 10 मिलिसेकंद, तर सरासरी 6 विनंत्या एका वेळी अडकलेल्या. पाच-पाच मिनिटांची सरासरी मात्र ठेवू नका, दहा सेकंदांचा झटका तीत विरून जातो.

लेखनाचा अवेट एक मिलिसेकंदाखालून अचानक आठ-दहावर गेला आणि गाड्या तेवढ्याच असतील, तर क्वेरी तपासण्याआधी रेड कार्डाची, म्हणजे डिस्कचा संच चालवणाऱ्या आणि स्वतःची कॅश बाळगणाऱ्या कार्डाची, बॅटरी बघा. ती गेली की कार्ड कॅशवर विसंबणं थांबवतं आणि प्रत्येक लेखन थेट तबकडीवर नेतं.