सबॅटिकल रजा

नोकरी किंवा नेहमीचा व्यवसाय न सोडता काही काळ त्यापासून दूर राहून वाचन, मनन व तत्त्वचिंतन यांसाठी घेतलेली दीर्घ रजा. विद्यापीठांत ती बहुधा एक सत्र ते एक वर्ष असते. ‘अभ्यासरजा’ हा मराठी शब्द जवळचा आहे. पण तो पदवी वा प्रशिक्षणासाठीच्या रजेला रूढ झाल्याने चिंतनासाठीच्या रजेला नीट बसत नाही.

शब्दाचे मूळ हिब्रू ‘शब्बात’ (ज्यूंचा आठवड्यातील सातवा, विश्रांतीचा दिवस) यात असून ग्रीक व लॅटिनमार्फत तो युरोपीय भाषांत आला. ‘शब्बात’च्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. ‘शेवा’ म्हणजे सात, याच्याशी त्याचा संबंध जोडण्याची प्रथा जुनी असली, तरी दोन्ही शब्दांची मूळ व्यंजने भिन्न आहेत. पौर्णिमेच्या दिवसाचे अक्कादी (प्राचीन मेसोपोटेमियाची भाषा) नाव ‘शपत्तु’ याच्याशीही काहींनी नाते सुचवले आहे. ‘थांबणे’ या अर्थाच्या धातूपासूनची व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

सातव्या दिवसाप्रमाणे सातव्या वर्षीही विश्रांती, ही कल्पना मुळात शेतीची. बायबलमधील निर्गम (अध्याय २३) व लेवीय (अध्याय २५) या ग्रंथांनुसार जमीन सहा वर्षे कसायची व सातव्या वर्षी पड ठेवायची. आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी व उरलेले रानातल्या जनावरांनी खावे. अनुवाद ग्रंथात (अध्याय १५) याच वर्षी कर्जमाफी सांगितली आहे. माफीचे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेत. म्हणून ज्यू धर्मगुरू हिल्लेल याने कर्जाचे येणे न्यायसभेकडे सोपवण्याचा, म्हणजे ते माफीत बुडू न देण्याचा, ‘प्रोझबुल’ नावाचा दस्त सुरू केला, असे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात म्हटले आहे.

ही सातवी वर्षे नेमकी कोणती, हा कालगणनेतील जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकात झुकरमान या अभ्यासकाने मांडलेल्या गणनेत इ. स. पू. ३८–३७ हे सातवे वर्ष ठरते. वाखोल्डर या दुसऱ्या अभ्यासकाने १९७३ मध्ये सगळी मालिका एका वर्षाने पुढे सरकवली. यहूदियातील बेथ-सूर या किल्ल्याच्या वेढ्यात हे सातवे वर्ष असल्याने धान्य पुरले नाही, अशी नोंद मक्काबी या ज्यू बंडखोरांच्या इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात आहे. ते वर्ष पहिल्या गणनेने इ. स. पू. १६४–१६३, तर दुसरीने १६३–१६२ येते. वाखोल्डरच्या बाजूचे पुरावे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. आजचे पालन मात्र झुकरमानच्या मालिकेशी जुळते : २०२१–२२ हे असेच वर्ष होते.

विद्यापीठीय रजेचा आरंभ सामान्यतः हार्व्हर्डमध्ये १८८० च्या सुमारास मानतात. दर सातव्या वर्षी अर्ध्या पगारावर रजा, असे तिचे स्वरूप होते. संस्कृतज्ञ चार्ल्स लॅनमन यांना जॉन्स हॉपकिन्समधून आणण्यासाठी हार्व्हर्डचे अध्यक्ष एलियट यांनी हे आमिष दाखवले, असे सांगितले जाते. पुढे अनेक ठिकाणी रजेआधी योजना व रजेनंतर अहवाल मागण्याचा रिवाज पडला. जमीन पड ठेवण्याच्या मूळ कल्पनेशी तो फारसा सुसंगत नाही. पड जमिनीला पिकाचा हिशेब कोणी मागत नाही.

रजा हे नाव नसतानाही चिंतनासाठी बाजूला होण्याची उदाहरणे जुनी आहेत. ख्रिस्ती तत्त्वज्ञ ऑगस्टीन याने ३८६ मध्ये द्राक्षांच्या सुगीच्या सुटीपर्यंत वक्तृत्वाचे वर्ग कसेबसे चालवले, मग इटलीतील कॅसिसियाकम येथे जाऊन स्नेह्यांसह तत्त्वचर्चा केली. पण तो वर्गावर परतला नाही. त्यामुळे त्याला सबॅटिकल म्हणणे ताणाचे होईल. वानप्रस्थही याच कारणाने वेगळा : परत येण्याची अट त्यात नाही. फ्रेंच निबंधकार माँतेन याने न्यायालयातील पद सोडून १५७१ मध्ये, अडतिसाव्या वाढदिवशी, निवृत्तीचा लेख भिंतीवर लिहवून घेतला. त्याच्या मनोऱ्यातील गोल ग्रंथालयाच्या तुळयांवर ग्रीक व लॅटिन वचने रंगवलेली आहेत. मान वर केली की ती दिसत. दहा वर्षांनी बोर्दोचे महापौरपद त्याच्याकडे चालून आले व त्याने ते स्वीकारले.

काटेकोर अर्थाने रजेचे उदाहरण जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचे. प्रकृतीच्या कारणास्तव स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाने १८७६ मध्ये त्याला वर्षभराची रजा दिली. तो हिवाळा त्याने इटलीतील सोरेंतो येथे मित्रांसोबत वाचन-चर्चेत घालवला, नंतर पुन्हा शिकवू लागला व १८७९ मध्ये प्रकृतीमुळेच राजीनामा दिला.

खासगी कंपन्यांतील सबॅटिकल त्या मानाने अलीकडची आहे. तिची मुदत व वेतन कंपनीगणिक बदलते. पुष्कळदा ती बिनपगारी असते.