टॉवेलवर काळे डाग पडलेत? थांबा, ती बुरशी नाहीये

पावसाळा लागला की आम्हाला रोज दोन-तीन व्हॉट्सॲप येतात, सोबत टॉवेलचा फोटो आणि खाली एकच वाक्य, "तुम्ही तर म्हणाला होता याला बुरशी लागत नाही". म्हणून हा कागद आता प्रत्येक पार्सलमध्ये टाकतोय, पहिल्यांदा धुवायच्या आधी प्लीज वाचा.

त्या फोटोंतले बहुतेक डाग बुरशीचे नसतातच, लोखंडाचे असतात. आपले टॉवेल, पंचे, बाळाची दुपटी हे सगळं ऑरगॅनिक कॉटन हिरडा आणि डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात भिजवून तुरटीने पक्कं केलेलं असतं, ती हलकी पिवळट झाक त्याचीच. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, जंतू वाढू देत नाही म्हणून घामट वास कमी येतो. पण त्याच टॅनिनला ओलेपणात लोखंड भेटलं की शाई होते, खरंच शाई, पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून काळी शाई करायचे ना तीच. कलमकारीतल्या काळ्या रेघा पण अशाच उठतात, हिरड्याच्या कापडावर गंजलेलं लोखंड आणि गुळाचं आंबवलेलं पाणी फिरवलं की झालं.

तर तुमच्या घरात लोखंड कुठे आहे ते बघा. गंजलेली वाळत घालायची तार, बादलीची कडी, चिमट्याची स्प्रिंग, सेफ्टी पिन. डाग सरळ रेषेत मधोमध असेल तर तार, कडेला जोडीने दोन असतील तर चिमटे. बुरशीचे ठिपके कुठेही विखुरलेले असतात आणि कुबट वास येतो. आणि सगळा टॉवेलच करडा पडला असेल तर बहुधा पाण्यात लोखंड आहे, बोअरवेलवाल्यांना हे जास्त होतं. पार्सलमध्ये हिरडा पावडरची छोटी पुडी आहे, चिमूटभर ग्लासभर पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, पाणी निळसर-काळपट झालं तर आमचा माल त्या पाण्यात धुवू नका, पिण्याच्या नाहीतर पावसाच्या पाण्यात धुवा.

डाग ताजा असेल तर लिंबू चोळून दहा मिनिटांत धुवून टाका, जातो. पण तेवढी जागा जरा फिकी पडते, आंबटाने काढा पण थोडा निघतो, त्याला इलाज नाही.

काही जण म्हणतात मग जंतू रोखायला काढ्याऐवजी दुसरं काहीतरी लावा ना. लावता येतं की. कायटोसान आहे, पण ते कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात, आमचे बरेच ग्राहक जैन आहेत. चांदीचे कण धुण्यात सुटून गटारात जातात. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक रसायन तर अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ साली हात धुवायच्या साबणात वापरायला बंदी घातली, ते बाळाच्या दुपट्याला लावायचं मला तरी पटत नाही.

धुताना एवढंच, वॉशिंग पावडरमध्ये रात्रभर भिजत घालू नका, त्यातल्या सोड्याने काढा उतरतो आणि कापड तपकिरी होतं. रिठ्याचं पाणी नाहीतर माइल्ड लिक्विड, ब्लीच अजिबात नको, सावलीत वाळवा. आणि हो, काढ्याचा हा परिणाम कायमचा नाहीये, धुण्यागणिक कमी होत जातं. कोणी कायमचं म्हणून विकत असेल तर त्यांना एएटीसीसी १०० या कापडाच्या चाचणीचा रिपोर्ट मागा, त्यात कापडावर बॅक्टेरिया सोडून २४ तासांनी किती उरले ते मोजतात, आणि तो कोऱ्या कापडाचा आहे की किती धुण्यांनंतरचा ते पण विचारा. आमच्याकडे जुना माल परत पाठवला तर काढ्यात पुन्हा बुडवून देतो, नव्या टॉवेलपेक्षा खूपच स्वस्तात पडतं.

रिटर्न टाकायच्या आधी फोटो नक्की पाठवा, फक्त टॉवेलचा नाही, तो जिथे वाळत घातला होता त्या तारेचा पण.