खानदेशातील मधुमेह व दुर्मीळ आजार संशोधन निधी

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत मधुमेह आणि आनुवंशिक दुर्मीळ आजारांवर संशोधन, प्रशिक्षण व रुग्णशिक्षण करण्यासाठी सरकार, विद्यापीठे, व्यावसायिक संस्था, कंपन्या व परदेशी न्यास यांच्याकडून मिळू शकणारे अर्थसाहाय्य. उपचारासाठी मिळणारी मदत यात येत नाही, पण लोक दोन्हींची नेहमी गल्लत करतात. मार्च २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली एका रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. ती मुंबईच्या केईएमसारख्या नेमून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत गॉशे, पॉम्पे अशा यादीतल्या आजारांच्या उपचारावर खर्च होते. संशोधनाची वाट वेगळी आहे.

‘दुर्मीळ’ हा शब्द खानदेशात नीट तपासून वापरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना हजारात एक किंवा त्याहून कमी रुग्ण असलेल्या आजाराला दुर्मीळ म्हणते. अमेरिकेत ही मर्यादा २ लाख रुग्णांची आहे. तिथे सिकलसेलचे (लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचे) रुग्ण सुमारे १ लाख, त्यामुळे हा आजार तिथे दुर्मीळ ठरतो आणि त्यावरच्या औषधांना १९८३च्या अनाथ औषध कायद्याच्या सवलती मिळतात. सातपुड्यात चित्र उलटे आहे. महाराष्ट्रातल्या भिल्ल, पावरा आदी जमातींत सिकलचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले आहे. यात बहुसंख्य वाहक (एएस, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेले) असतात, ग्रस्त (एसएस, दोघांकडून आलेले) त्या मानाने थोडे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे ‘सिकल’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच एकाच प्रश्नासाठी इथल्या संशोधकाला दोन दारे ठोठावता येतात: दुर्मीळ आजाराचे आणि आदिवासी आरोग्याचे.

मधुमेह आणि सिकल हे दोन विषय खानदेशात वेगळे ठेवता येत नाहीत, आणि इथल्या प्रस्तावाचे खरे बळ त्यातच आहे. मधुमेहावर नियंत्रण किती आहे हे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणाऱ्या ‘एचबीए१सी’ चाचणीवरून पाहतात. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते हे त्यात गृहीत धरलेले असते. सिकलग्रस्ताची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, त्यामुळे साखर वाढलेली असली तरी आकडा कमी येतो. वाहकांतही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. म्हणजे मोलगीचा एखादा माणूस ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ असा कागद घेऊन घरी जातो आणि ते खरे नसते. अशा रुग्णांसाठी कोणती चाचणी विश्वासाची, फ्रुक्टोसामाइन (रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी) की घरी ग्लुकोमीटरवर घेतलेल्या नोंदी, याचा अभ्यास करायला नंदुरबारइतकी योग्य जागा कमीच असेल. दुसरा प्रश्न कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाचा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला ‘प्रकार ५’ अशी वेगळी ओळख दिली. यात रुग्ण तरुण आणि सडपातळ असतो. कुपोषणासाठीच वर्षानुवर्षे बातम्यांत येणाऱ्या जिल्ह्याने हा प्रश्न दुसऱ्या कोणावर सोडू नये.

सरकारी निधीचा मुख्य स्रोत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) हा आहे. तिच्या बाह्य संशोधन योजनेत महाविद्यालयातले प्राध्यापक अर्ज करू शकतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यावृत्ती आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय, जळगाव (२०१८) व नंदुरबार (२०२०) येथील नवी शासकीय महाविद्यालये आणि खासगी महाविद्यालये यांतल्या मुलांसाठी संशोधनाची पहिली पायरी हीच. जनुकीय आजारांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाचा ‘उम्मीद’ उपक्रम (२०१९) आहे. मूलभूत विज्ञानासाठी पूर्वीच्या एसईआरबीची (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची) जागा आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने घेतली आहे. सिकलसाठी १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेली राष्ट्रीय निर्मूलन मोहीम आहे. बाधित भागांतल्या ० ते ४० वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. मोहिमेचा पैसा तपासणीसाठी असला, तरी तिच्यातून जमणारी माहिती संशोधनाच्या उपयोगाची आहे.

मधुमेहतज्ज्ञांची संघटना आरएसएसडीआय (१९७२) लहान संशोधनांना अनुदान देते. परदेशी न्यासांत ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट आणि डेन्मार्कचे वर्ल्ड डायबेटिस फाउंडेशन (२००२) महत्त्वाचे. ग्रामीण भागातल्या कामाला असा पैसा मिळतो याचा दाखला पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातापोषण अभ्यासात आहे. वेलकमच्या मदतीने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने तिथे दाखवले, की आपली बाळे वजनाने कमी असली तरी अंगात चरबी बाळगून जन्मतात.

परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२०च्या दुरुस्तीने असा निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी घातली. परिणामी, मुंबईची मोठी संस्था धडगावच्या छोट्या संस्थेला त्यातला वाटा देऊ शकत नाही. छोट्या संस्थेला स्वतःची नोंदणी करावी लागते किंवा मोठीने स्वतः डोंगर चढावा लागतो. खासगी संस्थेला सरकारी अनुदानासाठी बहुधा डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता मागतात. नीतिमत्ता समिती (एथिक्स कमिटी) आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. चांगली कल्पना असूनही बरेच अर्ज या कागदांपाशीच अडतात.

कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. आरोग्य आणि सार्वजनिक संस्थांतले संशोधन ही दोन्ही त्यात बसतात. विद्येसाठी थैली सैल करणे खानदेशाला नवे नाही: अमळनेरात श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञानाच्या संशोधनासाठी संस्था उभी केली होती.

निधीचे वेळापत्रक आणि इथल्या माणसांचे वेळापत्रक जुळत नाही, ही सर्वांत जाचक अडचण. अनुदानाचा हप्ता पुष्कळदा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. दिवाळी झाली की अक्राणी (धडगाव) व अक्कलकुव्याची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत निघतात. पाड्यावर म्हातारी माणसे उरतात. माणसे परततात होळीला, काठीच्या राजवाडी होळीच्या सुमारास, म्हणजे कार्यालयात हिशेब मिटवायची घाई असते तेव्हा. ज्याला हे ठाऊक आहे तो रक्तनमुन्यांचे काम एप्रिल ते जूनमध्ये ठेवतो आणि हप्त्याची तशी मांडणी प्रस्तावातच लिहून मंजूर करून घेतो.

रुग्णशिक्षणाच्या मागणीला अनुदान समित्या सर्वांत कमी मोल देतात, हे चुकीचे आहे. सिकलच्या तपासणीत बोटातून काढलेला रक्ताचा थेंब द्रावणात टाकला आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, की चाचणी सकारात्मक. मग एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीने वाहक की ग्रस्त ते ठरते. एवढे यंत्राने होते. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता ग्रस्त मुलाची, हे सांगायला माणूस लागतो आणि तो पावरी, भिलोरी किंवा अहिराणी बोलणारा लागतो. पहिले मूल ग्रस्त निघाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असा अर्थ अनेकजण काढतात. तो खोडून काढायला आशाताईला पाड्यावर दोनतीनदा जावे लागते. त्या फेऱ्यांचा प्रवासखर्च, दुभाष्याचे मानधन आणि बोलीतल्या ध्वनिफितींचा खर्च अंदाजपत्रकात ‘किरकोळ’ या रकान्यात न ढकलता वेगळ्या ओळींत मागावा.