विस्मृत फ्रेंच सिंफनी

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रचलेल्या, एक-दोनदा वाजून (किंवा एकदाही न वाजता) मागे पडलेल्या आणि विसाव्या शतकात हस्तलिखितांवरून पुन्हा मंचावर आलेल्या सिंफनींना, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या दीर्घ रचनांना, हे नाव देता येईल. त्यांना 'हरवलेल्या' म्हणणे तितकेसे बरोबर नाही. अनेकींची स्वरलेखने ग्रंथालयांत शाबूत होती. ती मागायला कोणी येत नव्हते, इतकेच.

त्या काळच्या पॅरिसमध्ये पैसा आणि नाव मिळे ते ऑपेरातून. सिंफनी हा जर्मनांचा प्रांत समजला जाई. १८२८ साली सुरू झालेल्या कॉन्झर्व्हेटरीच्या (पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयाच्या) वाद्यवृंदाने तर बेथोव्हनचेच दैवत मांडले होते. हयात फ्रेंच रचनाकाराला तिथे जागा मिळणे कठीण.

लुईझ फारांक (१८०४–१८७५) यांना ती मिळाली. रचनाकार आंटोन रायखांकडे शिकलेल्या या बाई १८४२ पासून कॉन्झर्व्हेटरीत पियानोच्या प्राध्यापक होत्या. त्यांची तिसरी, जी मायनर या स्वरश्रेणीतली सिंफनी १८४९ मध्ये याच वाद्यवृंदाने वाजवली, आणि त्याच कार्यक्रमात बेथोव्हनची पाचवीही ठेवली. शेजार असा असल्यावर कोणाचे काय चालणार! तरीही ही रचना आज ऐकताना कुठे फिकी पडत नाही. पती आरिस्तीद स्वतः संगीत-प्रकाशक असूनही तिन्ही सिंफनी फारांक यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. छापील प्रत नसली की प्रत्येक वादकाचा भाग हाताने उतरवून घ्यावा लागतो. एवढा खटाटोप अपरिचित नावासाठी कोण करणार?

नाव मोठे असले की वाट सोपी होते. 'कार्मेन' या ऑपेराचा रचनाकार जॉर्ज बिझे याने १८५५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, सी मेजरमध्ये लिहिलेली सिंफनी त्याच्या हयातीत वाजलीच नाही. तिच्यावर फ्रेंच रचनाकार गूनोच्या पहिल्या सिंफनीची छाप उघड दिसते. गूनोच्या त्या सिंफनीचे बिझेने पियानोसाठी रूपांतर केले होते. हस्तलिखित १९३३ मध्ये कॉन्झर्व्हेटरीच्या ग्रंथालयात उजेडात आले आणि २६ फेब्रुवारी १९३५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये वाद्यवृंद-संचालक फेलिक्स वाइनगार्टनरने ते वाजवून दाखवले. पुढच्या बारा वर्षांत त्यावर बॅलेही बसला.

फारांक यांना मात्र नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागले. त्यांच्या रचनांची चिकित्सक (हस्तलिखिते तपासून सिद्ध केलेली) आवृत्ती निघाली ती जर्मनीत, आणि हॅनोव्हरच्या नभोवाणी वाद्यवृंदाने त्यांच्या सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या. फ्रान्समधल्या इन्सुला वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे त्यानंतर वीसेक वर्षांनी आली.