हळदीची बोटं आणि ०.३ मायक्रॉन

सांगलीत बसून हळदीला नावं ठेवणं धाडसाचंच. तरी ठेवतो.

काही वर्षांपूर्वी मी जिल्ह्यातल्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये होतो. केळीच्या छोट्या तुकड्यांपासून जंतुमुक्त बाटल्यांत रोपं करायचो. खंडेनवमीला शेतकरी ट्रॅक्टर पुजतो, तसे आम्ही ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र), वजनकाटा आणि लॅमिनार (गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायचं टेबल) पुजले. कुणीतरी भक्तिभावानं लॅमिनारच्या आतल्या जाळीवर हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली, समोर उदबत्ती लावली. दसऱ्यानंतर त्याच टेबलावर भरलेल्या बाटल्या चौथ्या दिवशी पाहिल्या, तर मीडियावर, म्हणजे रोपांच्या खाद्यावर, कापसासारखी बुरशी. "पण हळद तर जंतुनाशक!" सगळ्यांचा एकच सूर.

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगात काही जिवाणूंची वाढ रोखतं, हे खरं. पण हळकुंडं उकडतात, मग उघड्यावर दिवसेंदिवस वाळवतात. उकडण्याला बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू दाद देत नाहीत आणि वाळताना धुळीबरोबर बुरशीचेही येऊन बसतात. म्हणून तर ऑटोक्लेव्हला १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाब लागतो, १५ ते २० मिनिटं. जंतूंना मारतो तो दाब नव्हे; दाबामुळे वाफ शंभराच्या वर तापते, घरच्या कुकरसारखी. मीडियात लिटरला ३० ग्रॅम साखर असते, त्यामुळे एक बीजाणू पडला तरी त्याची चंगळ.

आता बोटं ओढली ती जागा बघा. लॅमिनारच्या पाठीला हेपा फिल्टर (हवेतले सूक्ष्म कण अडवणारा), त्यापुढे जाळी, मग बाटल्या, मग आपण. गाळलेली हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगानं आपल्या छातीकडे येते. म्हणजे आमची स्वच्छ हवा हळदीवरून फिरून बाटलीत उतरत होती!

हा फिल्टर माझ्या फार आवडीचा. लोकांना वाटतं, ती पिठाची चाळण आहे: भोकापेक्षा मोठं अडकतं, बारीक निसटतं. प्रत्यक्षात तो काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा विस्कटलेला गठ्ठा असतो आणि तंतूंमधली बरीचशी अंतरं कणांपेक्षा मोठीच असतात. मग कण अडकतात कसे? उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मोटारसायकलसारखं झटकन वळता येत नाही. हवा तंतूला वळसा घालते, जड कण सरळ जाऊन आपटतो आणि चिकटतो. मधल्या मापाचे कण हवेबरोबर वळतात, पण कडेनं जाताना तंतूला घासतात. आणि अगदी बारीक, ०.१ मायक्रॉनखालचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)? त्यांना हवेचे रेणू सारखे धक्के देतात (हीच ब्राउनियन गती), त्यामुळे ते जत्रेत हरवलेल्या पोरासारखे वेडेवाकडे भरकटत कुठल्यातरी तंतूवर जातातच. हवा जितकी सावकाश, तितका भरकटायला वेळ जास्त. सर्वांत अवघड कण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा: आपटण्याइतका जड नाही, भरकटण्याइतका हलका नाही. म्हणून फिल्टरची परीक्षा त्याच मापावर घेतात आणि तिथेही ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. त्याहून बारीक कण जास्त सहज सापडतात! बुरशीचे बीजाणू बहुधा दोन मायक्रॉनच्या पुढचे, त्यांचा तर निभावच लागत नाही.

धुरानं हवा शुद्ध होते असं सांगणाऱ्यांसाठी: उदबत्तीच्या धुराचे बरेचसे कण याच नेमक्या अवघड मापाच्या आसपास असतात. हवा शुद्ध होणं दूरच, फिल्टर मात्र लवकर चोंदतो.

हळद पुसली, जाळी धुतली, तरी बाटल्या अधूनमधून जायच्याच. उघड्या बाटलीवरून गेलेली बाही, काम करताना मारलेल्या गप्पा, नीट न तापवलेलं स्काल्पेल. आणि सगळ्यात छळणारे ते केळीच्या मुनव्याच्या (रोपं ज्यापासून करतो त्या, बुडाशी फुटणाऱ्या कोंबाच्या) आतच राहणारे जिवाणू. वरून कितीही धुवा, तीन-चार सबकल्चर (नव्या मीडियावर हलवणं) होईपर्यंत बाटली काचेसारखी स्वच्छ दिसते. मग एका सकाळी रोपाच्या बुडाशी दुधाळ कडं उमटतं.