कितानींच्या घरातली बाहेरची पोरं: जपानमध्ये जाऊन गोचे प्रो झालेल्यांची पार्श्वभूमी

१९६२ चा ऑगस्ट. टोकियोत एक समारंभ चालू होता, कितानी मिनोरू या गुरूंच्या सगळ्या शिष्यांच्या दानांची बेरीज १०० च्या पुढे गेली म्हणून. (दान म्हणजे गो खेळातली पायरी, प्रो लोकांची १ ते ९, आपल्या सोंगट्यांच्या दानाशी काही संबंध नाही.) तिथे कोरियाहून नुकतंच आलेलं सहा वर्षांचं पोरगं पटासमोर बसवलं, समोर २० वर्षांचा ६ दान खेळाडू, पोराला पाच काळे खडे आधीच मांडून द्यायची सवलत, आणि एवढ्या सगळ्या लोकांसमोर पोरगं जिंकलं. पोराचं नाव चो चिकुन. समोरचा होता रिन काइहो, जन्म शांघायचा, वाढला तैवानात. म्हणजे जपानी गुरूच्या जपानी समारंभात पटाच्या दोन्ही बाजूंना बाहेरून आलेली माणसं, आणि पुढे दोघेही मेइजिन झाले, जो जपानमधल्या सगळ्यात मानाच्या किताबांपैकी एक.

हे असं कसं झालं ते नीट समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

गो मूळचा चीनचा. १९ उभ्या १९ आडव्या रेघा, काळे पांढरे खडे, जास्त जागा घेरेल तो जिंकला, नियम एवढेच. पण या खेळाचा पूर्णवेळ धंदा केला तो जपानने. सतराव्या शतकात तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, गो खेळणाऱ्यांना चक्क सरकारी तनखा चालू केला आणि त्यातून चार घराणी उभी राहिली, हॉनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी. आपल्याकडे गाण्याची घराणी जशी चालायची तसंच बरंचसं, शिष्य गुरूच्या घरी राहणार, घरची कामं करणार, गादीला वारस कोण यावरून भांडणं, सगळं. बाहेरच्याला शिरकाव जवळजवळ नव्हताच. १६८२ मध्ये र्‍युक्यू राज्यातून, म्हणजे आजच्या ओकिनावातून, हामाहिका नावाचा खेळाडू आला, तो हॉनिन्बो घराण्याचा चौथा प्रमुख दोसाकू याच्याशी चार खड्यांच्या सवलतीवर खेळला, एक डाव हरला एक जिंकला आणि सर्टिफिकेट घेऊन परत गेला. परदेशी माणसाला मिळालेलं हे अगदी सुरुवातीचं सर्टिफिकेट.

१८६८ नंतर शोगुन गेले, तनखे गेले, घराण्यांचे हाल सुरू झाले. त्याच काळात ओस्कार कॉर्शेल्ट नावाचा जर्मन केमिस्ट नोकरीसाठी जपानला आला आणि तेव्हाचा दिग्गज मुरासे शुहो याच्याकडे गो शिकला, परत जाऊन जर्मनमध्ये त्यावर लिहिलं, आणि युरोपात गो माहीत झाला तो बराचसा त्याच्या लिखाणामुळे. पण तो हौशी. प्रो होण्याचा प्रश्नच नव्हता. १९२४ मध्ये निहोन किइन ही जपानच्या प्रो खेळाडूंची संस्था उभी राहिली, आदल्या वर्षीच्या भूकंपाने सगळं उद्ध्वस्त केल्यावर विखुरलेले गट एकत्र आले आणि पैसा लावला बॅरन ओकुरा किशिचिरो या उद्योगपतीने. याच ओकुरांनी पुढे फेलिक्स ड्यूबाल या जर्मन खेळाडूला १९३० मध्ये जपानला बोलावलं होतं. बॅरनसाहेबांना हौस होती आणि खिसाही होता.

पण खरी गोष्ट सुरू होते १९२८ पासून. बीजिंगमध्ये वू चिंगयुआन नावाचा मुलगा होता, वडील जपानला शिकून आलेले, येताना गोची पुस्तकं घेऊन आलेले, मुलाला शिकवलं आणि मुलगा ११ वर्षांचा असताना वारले. मग हा पोरगा दुआन चिरुई या लष्करी नेत्याकडे जाऊन खेळायचा, त्याच्या पैशावर घर चालायचं, पुढे दुआनची सत्ताही गेली. जपानी खेळाडू बीजिंगला जाऊन येऊन याच्याबद्दल सांगत होतेच. सेगोए केनसाकू या जपानी प्रो गुरूंनी त्याचे डाव बघितले, आपला शिष्य हाशिमोतो उतारो याला मुद्दाम बीजिंगला पाठवून खातरजमा केली, ओकुरांनी महिन्याचा खर्च उचलला आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये १४ वर्षांचा वू आई आणि मोठ्या भावासोबत जपानला आला. जपानी उच्चारात नाव झालं गो सेइगेन. हे बघा, इथे कुठलीही स्कीम नव्हती, स्कॉलरशिपचा फॉर्म नव्हता, एका गुरूला पोरगं आवडलं आणि एका श्रीमंताने पैसे दिले. पुढची बरीच वर्षं परदेशी मुलांसाठी दार याच पद्धतीने उघडत राहिलं, आणि माझ्या मते जपानचा त्यातला मोठेपणा आणि मर्यादा दोन्ही तिथेच आहेत.

गो सेइगेनने काय केलं हे सांगायला वेगळा लेख लागेल. थोडक्यात, १९३३ मध्ये त्याने आणि त्याचा मित्र कितानी मिनोरू (हेच ते) यांनी सुरुवातीच्या चालींचा शेकडो वर्षांचा हिशोबच बदलून टाकला. त्याच साली हॉनिन्बो घराण्याचा शेवटचा वारस शुसाई याच्याशी डाव पडला तेव्हा पोराने पहिल्या तीन चाली कोपऱ्यातल्या ३-३ वर (दोन्ही कडांपासून तिसरी रेघ), समोरच्या कोपऱ्यात ४-४ वर आणि मग थेट पटाच्या मध्यावर टाकल्या. तेव्हाच्या लोकांना हे जवळजवळ अपमान वाटलं. डाव तीन महिने रखडला कारण शुसाईला वाटेल तेव्हा डाव थांबवून घरी जाता यायचं, आणि शेवटी गो सेइगेन २ गुणांनी हरला. चीन-जपान तणाव वाढत असताना चिनी मुलाने हॉनिन्बोसमोर असं खेळणं म्हणजे किती राग ओढवून घेणं असेल विचार करा. पण नंतर १९३९ ते १९५६ या काळात दहा-दहा डावांच्या सामन्यांमध्ये त्याने जपानच्या एकेका मोठ्या खेळाडूला खाली ओढलं.

आता कितानी. त्यांनी आधी हिरात्सुकाला आणि मग टोकियोत घरातच दोजो, म्हणजे शिकवणीचा आखाडा, चालवला, मुलं तिथेच राहायची, यालाच उचिदेशी म्हणतात, आपल्याकडचा गंडाबंध शिष्य साधारण तसाच. खरं घर चालवलं ते त्यांच्या बायकोने, मिहारू यांनी. एवढ्या पोरांची जेवणं, कपडे, शाळा, भांडणं. गुरू स्वतः शिष्यांशी फार क्वचित खेळायचे, मुलं एकमेकांशीच खेळून, एकमेकांना हरवून तयार होत. ओताके, काटो, इशिदा, ताकेमिया, कोबायाशी कोइची, १९७० नंतरचे जपानचे जवळजवळ सगळे मोठे याच घरातले. आणि याच घरात कोरियाची मुलं येत राहिली. पहिला चो नामचोल, १९३७ मध्ये आला, प्रो झाला, परत गेला आणि १९४५ मध्ये सेऊलमध्ये स्वतःची संस्था काढली जिच्यातून आजचं कोरियन बादुक (गोचं कोरियन नाव) उभं राहिलं. त्याचाच पुतण्या चो चिकुन. मोठा भाऊ आधीच कितानींकडे होता म्हणून सहाव्या वर्षी पाठवलं, ११ वर्षं ९ महिन्यांचा असताना प्रो झाला आणि हा विक्रम जपानमध्ये कितीतरी वर्षं टिकला. १९८० ला ओताकेला, म्हणजे आपल्याच गुरुबंधूला हरवून मेइजिन, १९८३ मध्ये किसेई, मेइजिन, हॉनिन्बो हे तिन्ही मोठे किताब एकाच वेळी (हॉनिन्बो हे घराण्याचं नाव तोवर किताबाचं झालं होतं). जानेवारी १९८६ मध्ये गाडीने उडवलं, पाय मोडले, तरी व्हीलचेअरवर बसून किसेईचा सामना खेळला (हरला, पण खेळला). १९८९ ते १९९८ सलग दहा वर्षं हॉनिन्बो. खेळताना हा माणूस स्वतःच्या डोक्यावर टपल्या मारायचा, काड्या मोडायचा, पुटपुटायचा. हे सगळं जपानी शिस्तीच्या घरात वाढून, बरं का.

रिन काइहोची गोष्ट वेगळ्या घरची पण तशीच. १९५२ मध्ये गो सेइगेन तैवानला गेला होता, तिथे दहा वर्षांच्या रिनशी सहा खडे देऊन खेळला, पोरगं त्याच वर्षी जपानला आलं आणि १९६५ मध्ये २३ व्या वर्षी साकाता एइओसारख्या वाघाला हरवून मेइजिन. मग रिनचा शिष्य चो यू, तोही तैवानचा, १९९० मध्ये आला. आणि चो यूचं लग्न झालं कोबायाशी इझुमीशी, जी कितानींची नात. घराणं म्हणतात ते हे असं.

मग उलटा हिशोबही आहे. चो हुनह्यन नऊ वर्षांचा असताना कोरियात प्रो झालेला, १९६३ मध्ये जपानला आला तर पुन्हा इन्सेई म्हणून पहिल्यापासून सुरुवात. इन्सेई म्हणजे संस्थेतला उमेदवार, सगळे उमेदवार गटागटात खेळतात, जिंकला तर वरच्या गटात, हरला तर खाली, आणि वर्षाला जेमतेम काही जण प्रो होतात. त्याला घरात घेतलं म्हाताऱ्या सेगोएंनी, त्यांचे मोठे शिष्य म्हणजे हाशिमोतो, गो सेइगेन आणि हा. १९६६ ला प्रो झाला. १९७२ मध्ये कोरियन सैन्यात भरती व्हायचं म्हणून परत जावं लागलं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सेगोएंनी आत्महत्या केली. यावर काय लिहायचं कळत नाही. पुढे १९८९ मध्ये चार लाख डॉलर बक्षिसाची पहिली इंग कप ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा याच चोने चीनच्या निए वेइपिंगला ३-२ हरवून जिंकली, आणि जपानमध्ये शिकलेली पद्धत वापरून ली चांगहो नावाच्या पोराला स्वतःच्या घरात ठेवलं, ज्याने पुढे सगळ्यांनाच धुतलं, जपान्यांना तर फारच. जपानने शिकवलेलं जपानवरच उलटलं असं कोणी म्हणेल, पण मला नाही वाटत सेगोएंना त्याचं वाईट वाटलं असतं.

गोऱ्या लोकांचं गणित मात्र सुरुवातीपासून वयात अडकलं. कोरिया-तैवानची मुलं सहा, आठ, दहा वर्षांची येत होती, अमेरिका-युरोपचे लोक खेळच पंधरा-वीस वर्षांचे झाल्यावर शिकत होते आणि कॉलेज वगैरे करून जपानला येत होते, तोवर डोकं घट्ट झालेलं. तरी १९७८ मध्ये ऑस्ट्रियाचा मानफ्रेड विमर कान्साई किइन या जपानमधल्याच दुसऱ्या संस्थेचा प्रो झाला, पहिला पाश्चात्त्य, आणि त्याच वर्षी अमेरिकेचा जेम्स करविन निहोन किइनमध्ये. करविनचे गुरू इवामोतो काओरू, जे स्वतः १९२९ मध्ये कॉफी पिकवायला ब्राझीलला गेले होते आणि दोन वर्षांत परत आले! कदाचित म्हणूनच परदेशी शिष्याचं त्यांना वावडं नव्हतं, पुढे त्यांनीच स्वतःचा पैसा घालून ॲमस्टरडॅम, सिएटल इथे गोची केंद्रं काढली. मायकल रेडमंड कॅलिफोर्नियाचा, हा तुलनेने लवकर म्हणजे शाळेत असतानाच आला, कितानींचे शिष्य ओएदा युसुके यांच्याकडे राहिला, १९८१ मध्ये १८ व्या वर्षी प्रो आणि २००० मध्ये ९ दान, असा पहिलाच पाश्चात्त्य. २०१६ मध्ये अल्फागो हा कॉम्प्युटर प्रोग्राम आणि कोरियाचा ली सेडोल यांच्या सामन्याची इंग्लिश कॉमेंट्री ऐकली असेल तर आवाज त्याचाच.

१९९७ मध्ये दोघे झाले, रोमानियाचा कातालिन तारानू नागोयात आणि जर्मनीचा हान्स पीच टोकियोत. पीचच्या गुरू कोबायाशी चिझू, त्याही कितानींच्याच शिष्या. जानेवारी २००३ मध्ये पीच गोच्या प्रसारासाठी ग्वाटेमालाला गेलेला असताना लुटारूंनी गोळी घालून मारला. निहोन किइनने मरणोत्तर ६ दान दिलं. फिनलंडचा आन्टी तॉर्मानेन याच चिझूबाईंकडे शिकून २०१६ मध्ये प्रो झाला.

दार सगळ्यांना उघडं होतं असं मात्र समजू नका. चीनची रुई नाइवेई, १९८८ मध्ये ९ दान झालेली जगातली पहिली बाई, १९९० मध्ये जपानला आली, गो सेइगेनकडे अभ्यास केला, पण प्रो म्हणून स्पर्धा खेळायची परवानगी काही मिळाली नाही. लहान पोर शिष्य म्हणून चालतं, तयार खेळाडू स्पर्धक म्हणून नाही, असाच त्याचा अर्थ मी तरी लावतो. ती १९९९ मध्ये कोरियात गेली आणि पुढच्याच वर्षी चो हुनह्यनला हरवून गुक्सू हा कोरियन किताब घेतला.

तोवर वाराच फिरला होता. बक्षिसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा कोरिया आणि मग चीन जिंकायला लागले तसे परदेशी उमेदवारही तिकडे वळले, २००२ मध्ये रशियाचे दोघं कोरियात प्रो झाले. २०१२ मध्ये अमेरिकेने आणि २०१४ मध्ये युरोपने स्वतःचे प्रो बनवायला सुरुवात केली. आणि चो चिकुनच्या विक्रमाच्याही खाली, एप्रिल २०१९ मध्ये दहाव्या वर्षी जपानची प्रो झालेली नाकामुरा सुमिरे मार्च २०२४ मध्ये जपान सोडून कोरियात खेळायला गेली. तिकडची वाट तिला पाठच होती, दहाची व्हायच्या आधीपासून ती सेऊलच्या एका दोजोत शिकत होती.